जबड्याच्या सांध्याचे जुने दुखणे: नव्वद वर्षांच्या उपचारांचा आढावा

कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडले-मिटले की हाडाचा एक गोल उंचवटा बोटाखाली सरकताना जाणवतो. तो खालच्या जबड्याचा माथा. कवटीच्या कानशिलाच्या हाडातल्या खोबणीत तो बसतो आणि दोघांच्या मध्ये चिवट कूर्चेची एक लहानशी चकती असते. तोंड थोडे उघडताना हा माथा बिजागरीसारखा जागच्या जागी फिरतो; आ वासताना मात्र तो चकतीसह खोबणीतून बाहेर पुढे घसरतो. खालचा जबडा हे एकच हाड असल्याने उजवा आणि डावा असे दोन्ही सांधे एकमेकांना बांधलेले असतात. एकाला हलवायचे आणि दुसऱ्याला विश्रांती द्यायची, ही सोय इथे नाही. बोलणे, चावणे, गिळणे, जांभई यांपैकी काहीही या सांध्याशिवाय होत नाही. तो दुखू लागला की माणसाचे जेवण, झोप आणि बोलणे तिन्ही एकदम अडचणीत येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०२० साली या विषयावर सविस्तर अहवाल काढला. तिथल्या प्रौढांपैकी सुमारे पाच टक्क्यांना जबड्याचा सांधा किंवा त्याभोवतीचे स्नायू यांचा दुखरा विकार असल्याचा अंदाज त्यात आहे. स्त्रियांमध्ये हा त्रास पुरुषांहून अधिक आढळतो आणि बहुतेकांना तो ऐन कामाच्या वयात गाठतो. अनेकांचे दुखणे काही आठवड्यांत आपोआप ओसरते. तीन महिन्यांनंतरही जे टिकून राहते, त्याला जुने दुखणे म्हणतात, आणि या लेखाचा विषय तेच आहे. त्याच्यावर गेल्या नव्वद वर्षांत जे उपचार झाले, त्यांतल्या बहुतेकांनी दुखणाऱ्या माणसाकडे पाहण्याऐवजी सांध्यातला यांत्रिक दोष शोधला. दोष सापडलाही, दुरुस्तही झाला, पण दुखण्याचा त्या दोषाशी असलेला संबंध समजला होता तितका घट्ट नव्हता. आज पुरावा ज्या उपचारांच्या बाजूने उभा आहे ते साधे, स्वस्त आणि नको वाटल्यास थांबवता येणारे आहेत. म्हणून दातांचे उंचवटे घासून काढणे, हाड कापणे यांसारखे माघारी न फिरवता येणारे उपाय निव्वळ जुन्या दुखण्यासाठी करू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

ही कहाणी अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये सुरू होते. जेम्स कॉस्टेन हे तिथले कान-नाक-घसा तज्ज्ञ. १९३४ साली त्यांनी अकरा रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. कान दुखणे, कानात आवाज येणे, डोके दुखणे अशा तक्रारी या रुग्णांना होत्या. कॉस्टेन यांनी त्या जबड्याच्या सांध्याशी जोडल्या: दाढा पडल्या की जबडा गरजेपेक्षा जास्त मिटतो, त्याचा माथा मागे सरकतो आणि कानाजवळच्या नसांवर व नळीवर दाब देतो. उपाय ओघानेच आला, दातांची उंची वाढवायची. शरीररचनेचे अभ्यासक हॅरी सिशर यांनी १९४८ साली दाखवून दिले की सांध्याची आणि त्या नसांची जागा पाहता असा दाब पडणे शक्यच नाही. तरीही कल्पना टिकून राहिली, कारण तिने दुखण्याचा धागा दातांपर्यंत आणून ठेवला होता आणि दात दुरुस्त करण्याचे कसब दंतवैद्यकाच्या हातात होते. पुढची काही दशके दातांची ठेवण हाच सगळ्याचा उगम मानला गेला. वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत, एखादे टोक आधी टेकते, म्हणून जबडा वाकडा मिटतो आणि सांधा दुखतो, असे सांगून निरोगी दातांचे उंचवटे घासले गेले, कॅप बसवल्या गेल्या, मोठ्यांच्या दातांना तारा लावल्या गेल्या.

या समजुतीची सर्वांत बोलकी परीक्षा १९७६ साली झाली. गुडमन, ग्रीन आणि लास्किन या तिघांनी जबड्याच्या स्नायूंचे दुखणे असलेल्या पंचवीस रुग्णांवर दात घासण्याचा निव्वळ देखावा केला. यंत्राचा आवाज झाला, दातांना हत्यार लागले, पण दातांची जुळणी बदलली नाही. पंचवीसपैकी सोळा जणांचे दुखणे पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे गेले. रुग्ण खोटे बोलत होते किंवा त्यांचे दुखणे काल्पनिक होते, असा अर्थ यातून काढणे अन्यायाचे होईल. त्यांचे दुखणे खरे होते आणि त्यांना मिळालेला आरामही खरा होता. खोटे ठरले ते आरामाचे कारण. हे दुखणे चढते-उतरते असते. ते शिखरावर असताना माणूस डॉक्टरकडे जातो, त्यानंतर ते उतरणार असते आणि त्या काळात जो उपचार चालू असेल त्याला श्रेय मिळते. त्यात धीर, लक्ष आणि आशा यांचा वाटाही मिसळतो. दात घासून आपले शेकडो रुग्ण बरे झाले, हा अनुभव सांगणारे दंतवैद्य म्हणूनच प्रामाणिक असू शकतात आणि तरीही चुकीचे असू शकतात. याच प्रश्नावर २००३ साली वैद्यकीय पुराव्यांचे परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा आढावा आला. दातांची जुळणी बदलल्याने हा विकार बरा होतो किंवा टळतो याला त्यात आधार मिळाला नाही.

दरम्यान दोषाचा शोध दातांवरून सांध्याच्या आत सरकला होता. १९७०च्या दशकाच्या अखेरीस सांध्यातल्या चकतीकडे लक्ष गेले आणि पुढे एमआरआयमुळे ती स्पष्ट दिसू लागली. चकती पुढे सरकलेली असेल तर तोंड उघडताना माथा तिच्याखाली पुन्हा शिरतो आणि कट् असा आवाज येतो. शिरलाच नाही तर जबडा अडतो. हे स्पष्टीकरण बरोबर आहे. त्यापुढची उडी चुकली: चकती जागेवर आणली की दुखणे जाईल. चकती शिवून मागे बसवली जाऊ लागली, ती काढून टाकली जाऊ लागली आणि काढल्यावर तिच्या जागी कृत्रिम तुकडा घातला जाऊ लागला. ह्यूस्टनच्या व्हायटेक कंपनीचे प्रोप्लास्ट आणि टेफ्लॉन यांचे रोपण १९८०च्या दशकात हजारो रुग्णांच्या जबड्यात बसवले गेले. चावण्याच्या दाबाखाली त्याचे कण सुटले, शरीराने त्या कणांवर हल्ला चढवला आणि त्यात आजूबाजूचे हाड झिजत गेले. काहींच्या बाबतीत कवटीच्या तळाच्या हाडापर्यंत. कंपनी दिवाळखोरीत निघाली, अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने १९९०च्या अखेरीस इशारा दिला आणि पुढे रोपणे माघारी बोलावली गेली. ज्यांच्या जबड्यात ती होती त्यांच्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या आणि पहिल्या दुखण्यापेक्षा कितीतरी मोठे दुखणे त्यांच्या वाट्याला आले. वैद्यकाच्या इतिहासात फसलेली साधने पुष्कळ आहेत, पण या प्रकरणाचा विसर पडणे मला विशेष धोक्याचे वाटते. इथे साधन सदोष होतेच, शिवाय ते ज्या तर्काच्या आधारावर बसवले गेले तो तर्कही कच्चा होता.

कच्चा कसा, तर ज्यांचा जबडा कधीही दुखलेला नाही अशा स्वयंसेवकांचा एमआरआय काढला तेव्हा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यात चकती सरकलेली आढळली. सांध्यातला आवाजही असाच सर्वत्र आढळतो. दुखत नसेल आणि जबडा अडत नसेल तर त्यावर उपचार लागत नाहीत. पण जबडा खरोखरच अडलेला असेल तेव्हा? तिथे तरी शस्त्रक्रिया सरस ठरायला हवी. शिफमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली नेमके हेच तपासले. चकती सरकून जबडा अडलेल्या १०६ रुग्णांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट केले: औषधे आणि सल्ला, व्यायाम-समुपदेशनासह पुनर्वसन, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि सांधा उघडून केलेली शस्त्रक्रिया. पाच वर्षे पाठपुरावा झाला. चारही गट सुधारले आणि चारही साधारण सारखेच सुधारले. चकती बहुधा जिथल्या तिथेच राहिली. सांध्याने तिच्याशिवाय जमवून घेतले.

मग दुखते का? जबड्याची, दातांची, कानाच्या भागाची संवेदना मुख्यतः चेहऱ्याच्या एकाच मोठ्या नसेतून मेंदूकडे जाते आणि मेंदूच्या देठात ज्या पेशींवर ती पोहोचते तिथेच मानेच्या वरच्या नसांचेही संदेश येऊन मिळतात. म्हणून गालाचा स्नायू आखडला तर दाढ दुखते, सांधा दुखला तर कान ठणकतो, मान अवघडली तर कानशील भरून येते. निरोगी दाढेचे रूट कॅनॉल होऊनही ठणका तसाच राहण्यामागे कधी कधी हेच असते. दुखण्याचे संदेश महिनोन्महिने येत राहिले की या पेशी अधिक संवेदनशील होतात आणि हलक्या स्पर्शालाही वेदनेचे उत्तर देऊ लागतात. ऑपेरा नावाच्या मोठ्या अमेरिकी अभ्यासाने जबडा न दुखणाऱ्या सुमारे तीन हजार लोकांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि त्यांच्यापैकी कोणाला हा विकार जडतो ते पाहिले. दरवर्षी शंभरातल्या साधारण चौघांना तो प्रथमच झाला. आधीपासून इतरत्र दुखणी असणे, शरीराच्या बारीकसारीक तक्रारी अधिक असणे, झोप बिघडत जाणे, दिवसा दात आवळण्यासारख्या सवयी असणे या गोष्टी पुढच्या त्रासाची चाहूल देत होत्या. डोकेदुखी, कंबरदुखी, आतड्याची अतिसंवेदनशीलता यांच्याशी या विकाराचे जवळचे नाते आहे. जबडा हे अनेकदा व्यापक वेदनाप्रवणतेचे एक ठाणे असते.

इथे रुग्णांची एक तक्रार ऐकू येते आणि ती रास्त आहे: म्हणजे दुखणे मनाचे आहे असेच तुम्ही म्हणता ना? तसे मुळीच नाही. मज्जापेशी अधिक संवेदनशील होणे ही रसायनांनी आणि विद्युत्संदेशांनी घडणारी शारीरिक घटना आहे. ताण, चिंता, अपुरी झोप यांनी ती वाढते, जशी ती दात आवळल्यानेही वाढते. या विकाराच्या निदानाचे निकष १९९२ साली आणि सुधारित स्वरूपात २०१४ साली ठरवले गेले. त्यांत दोन बाजू मुद्दाम ठेवल्या आहेत: सांधा-स्नायूंची तपासणी आणि त्याच वेळी वेदनेने माणसाच्या रोजच्या जगण्याचा, झोपेचा, मनाचा किती भाग व्यापला आहे याची मोजणी. दुसरी बाजू टाळणारा डॉक्टर अर्धीच तपासणी करतो. आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढे सांगून बोळवण करणारा तर पहिलीही करत नाही.

उपचारांचा आजवरचा सर्वांत मोठा ताळेबंद डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने मांडला. दीडशेहून अधिक चाचण्या आणि आठ हजारांवर रुग्ण यांचे निष्कर्ष एकमेकांशी ताडून, रुग्णांचाही समावेश असलेल्या गटाने शिफारशी केल्या. ज्यांची ठामपणे शिफारस झाली त्यांत एकही शस्त्रक्रिया नाही, एकही इंजेक्शन नाही. विचार आणि वर्तन यांवर काम करणारे समुपदेशन, त्याला हवी तर शिथिलीकरणाची जोड. प्रशिक्षित हातांनी सांधा हलवून मोकळा करणे. स्नायूंतल्या दुखऱ्या गाठी दाबून सैल करणे. देखरेखीखाली जबड्याचे आणि मानेचे व्यायाम. आणि नीट समजावून सांगणे, धीर देणे, घरचे व्यायाम हे नेहमीचे उपचार. ॲक्युपंक्चरला सौम्य अनुकूलता मिळाली. बोटॉक्स, स्टेरॉइड व हायलुरॉनिक आम्लाची इंजेक्शने, सांधा धुऊन काढणे, लेसर, गॅबापेंटिन, नुसते पॅरासिटामॉल आणि दातांवर काढता-घालता येणाऱ्या प्लेटा यांच्याबाबत गटाने सर्वसाधारणपणे नको असे सुचवले. चकती काढून टाकणे, दातांची ठेवण कायमची बदलणाऱ्या प्लेटा आणि सूजनाशक गोळ्यांसोबत अफूवर्गातली औषधे यांना मात्र स्पष्ट नकार दिला.

या यादीवर दंतवैद्यांकडून सर्वांत मोठा आक्षेप प्लेटांबाबत येतो. रात्री घालायची प्लेट, जिला सर्रास नाइटगार्ड म्हणतात, ती जगभर या विकारावरचा पहिला उपचार आहे आणि रुग्णांना तिने बरे वाटते. आक्षेपात तथ्य आहे. पुराव्याची खात्री अनेक ठिकाणी मध्यम किंवा कमी आहे, आणि सौम्य नकार म्हणजे बंदी नव्हे. पण २००६ सालच्या एका चाचणीत दोनशे रुग्णांना कडक प्लेट, मऊ प्लेट किंवा कोणतीही प्लेट न देता फक्त स्वतःची काळजी घेण्याचे शिक्षण दिले गेले. वर्षभराने तिन्ही गटांत फरक नव्हता. २०२० साली ब्रिटनमधल्या आढाव्यालाही प्लेटांनी दुखणे कमी होते असा पुरावा सापडला नाही. झोपेत दात खाणाऱ्याचे दात झिजू नयेत म्हणून प्लेट द्यावी, हे वेगळे आणि योग्य कारण आहे. झोपेतले दात खाणेही दुखण्याशी गृहीत धरले जाते तितके जोडलेले नाही: प्रयोगशाळेत रात्रभर स्नायूंच्या हालचाली मोजल्या तेव्हा जबडा दुखणाऱ्या स्त्रियांमध्ये दात खाण्याचे प्रमाण इतरांहून अधिक आढळले नाही. जागेपणीचे नकळत आवळणे अधिक संशयास्पद आहे. ज्याला प्लेटेने आराम आहे त्याने ती फेकून द्यावी असे मी म्हणणार नाही. महागडी प्लेट हा उपचाराचा आरंभ आणि शेवट मात्र होऊ नये. सगळे दात न झाकणारी प्लेट बराच काळ वापरली तर दातांची ठेवणच बदलू शकते, हेही रुग्णाला आधी सांगितले पाहिजे.

घरी करायच्या गोष्टी ऐकायला इतक्या किरकोळ वाटतात की त्यांच्यावर विश्वास बसत नाही. चावताना आणि गिळताना मिळून दिवसभरात वरचे-खालचे दात एकमेकांना लागतात ते जेमतेम पंधरा-वीस मिनिटे. उरलेला सगळा वेळ ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ टाळूला अलगद टेकलेली असावी. पण संगणकावर काम करताना, स्कूटर चालवताना, मोबाइल पाहताना माणसे तासन्‌तास दातावर दात ठेवून असतात. हलक्या जोराने का होईना, स्नायू सतत आखडलेला राहिला की दुखतो. ही सवय आधी लक्षात यावी लागते, त्यासाठी ठरावीक वेळाने जबडा तपासायची खूण ठेवावी लागते. मग ती सुटते, आणि त्याला आठवडे लागतात. दुखणे चढलेले असताना काही दिवस मऊ खाणे, लहान घास, ओल्या फडक्याचा गरम शेक, जांभईच्या वेळी हनुवटीखाली हात. ऊस, चिक्की, च्युइंगम आणि तासभर चघळलेली सुपारी यांना सुट्टी. महिनोन्महिने मऊ भातच खाणे मात्र चूक आहे. वापराशिवाय स्नायू दुबळा होतो आणि चावण्याची भीती वाढते. जीभ टाळूला लावून तोंड हळू उघडणे-मिटणे आणि सहन होईल तेवढा ताण देणे असे व्यायाम दिवसातून काही वेळा करावेत. आवाज येतो का हे पाहण्यासाठी जबडा वारंवार वाजवून पाहणे थांबवावे. सूजनाशक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि थोड्या दिवसांपुरत्या. झोपेवर उपचार हाही जबड्यावरचाच उपचार आहे.

साधेपणाचा हा आग्रह काही ठिकाणी लागू पडत नाही आणि ते नेमके ओळखणे डॉक्टरचे पहिले काम आहे. लहान मूल हनुवटीवर पडल्यानंतर किंवा कानाच्या जंतुसंसर्गानंतर सांधा हाडाने जखडला तर शस्त्रक्रियाच लागते, आणि ती लांबली तर जबड्याची वाढ खुंटते. संधिवाताने सांधा पूर्ण झिजलेला असेल, गाठ असेल, तर व्यायामावर वेळ घालवू नये. आजचे धातूचे आणि दाट पॉलिथिलिनचे कृत्रिम सांधे अशा मोजक्या रुग्णांसाठी मोलाचे आहेत. पन्नाशीनंतर प्रथमच चावताना जबडा थकून दुखू लागला, सोबत कानशिलाला स्पर्श सोसेना किंवा नजर धूसर झाली तर ती रक्तवाहिनीची सूज असू शकते आणि तिच्यावर तातडीने उपचार न झाल्यास दृष्टी जाऊ शकते. चालल्यावर येणारे आणि थांबल्यावर जाणारे जबड्याचे दुखणे हृदयाचे असू शकते. महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट हमखास पाहावी लागते. सुपारी आणि गुटख्याने गालाचे आतले अस्तर ताठर होते, तिखट झोंबते आणि तोंड महिन्यागणिक कमी उघडते. निरोगी माणसाच्या तोंडात साधारण स्वतःची तीन बोटे उभी मावतात. दोनही मावत नसतील तर सांध्याकडे बघण्याआधी गालाच्या आत बघितले पाहिजे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, सुपारी मात्र पानपट्टीवर तशीच मिळते, आणि ही अवस्था कर्करोगाच्या वाटेवरची आहे. तिला जबड्याचा सांधा समजून व्यायाम देत राहणे ही घातक चूक ठरते.

राहतो तो सर्वांत व्यावहारिक आक्षेप: शिफारस केलेले उपचार मिळतात कुठे? अमेरिकेत चेहरा-जबड्याच्या वेदनेला दंतवैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून २०२० साली मान्यता मिळाली. आपल्याकडे एमडीएस या दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या नऊ शाखांत ती नाही. रुग्ण कान-नाक-घसा तज्ज्ञ, दंतवैद्य आणि मेंदूविकारतज्ज्ञ यांच्यात फिरत राहतो आणि प्रत्येक जण आपापल्या हत्याराला साजेसा दोष शोधतो. तरी वाट अगदीच बंद नाही. दंत महाविद्यालयांत मौखिक वैद्यकाचा (ओरल मेडिसिन) विभाग असतो आणि या तक्रारीची पहिली तपासणी तिथे व्हायला हवी. मान आणि जबडा यांवर काम करू शकणारे फिजिओथेरपिस्ट मुंबई-पुण्याबाहेरही आहेत. त्यांच्याकडे जबड्याचे रुग्ण पाठवण्याची दंतवैद्यांना सवय नाही, ही खरी अडचण आहे. एका चिठ्ठीने सुटणारी. समुपदेशक मिळणे अवघड आहे हे मान्य, पण दात सुटे ठेवणे, शेक, व्यायाम आणि दुखण्याचा खुलासा हे चार धडे कोणताही दंतवैद्य किंवा प्रशिक्षित सहायक पंधरा मिनिटांत देऊ शकतो आणि त्याला यंत्र लागत नाही. दुखण्यासाठी दात घासायला, कॅप घालायला किंवा सांधा उघडायला सांगितले गेले तर रुग्णाने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: हे पुन्हा पूर्ववत करता येईल का, व्यायाम-शेकाने तीन महिने थांबलो तर काय बिघडेल, आणि न केलेल्यांच्या तुलनेत केलेल्यांना किती अधिक आराम मिळाला. उत्तरे समाधानकारक नसतील तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे आणि तोवर दातांना हात लावू देऊ नये.